गैरहजर सतरा

फाल्गुन वद्य प्रतिपदा, धुळवड. हजर: अण्णा, हौसाआत्या, मी. कोंबड्या पाच, पिल्ले वीस. गैरहजर: पिल्ले सतरा.

माझ्या त्या वेळच्या वहीतली ही नोंद आहे, जशीच्या तशी उतरवली. वही अजून माझ्याजवळ आहे. मी कुठलीच यादी टाकत नाही. घरात सगळे हसतात, पण लग्नाची असो की औषधाची, जुनी यादी लागली की माझ्याकडेच येतात. सोलापूरच्या त्या एका वर्षाबद्दल लिहायचे तर मला आठवणीपेक्षा या वहीचा भरवसा जास्त वाटतो. आठवण आपल्या सोयीने बदलते. वहीत जिथे शाई सांडली तिथे ती सांडलेलीच राहते.

आमचे घर गिरणीच्या चाळींमागच्या मोकळ्या माळावर होते. दोन खोल्या, पुढे मातीची भिंत घातलेले अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात खुराडे. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा व्हायचा आणि त्याच्यावर ताण करत कोंबडा आरवायचा. हौसाआत्या म्हणायची, "बघ, दोगांत कोन लबाड हाय त्ये. कोंबडा उजाडल्यावर वरडतो, भोंगा माणसं उटावीत म्हनून वरडतो." आत्या अण्णांची थोरली बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होते. भाकऱ्या ती रात्रीच्या थापून ठेवायची, सकाळपर्यंत त्या कडक होत, आणि उखळात कुटलेली शेंगांची चटणी वर तेल सोडून पुढ्यात यायची. पुण्याच्या खाणावळीत मऊ पोळ्या खाताना मला त्या कडक भाकरीचा मोडताना होणारा आवाज आठवायचा. तो आवाज आला की घरात सगळे ठीक चालले आहे, असे मला अजूनही वाटते.

अण्णा विणकाम खात्यात जॉबर होते. सोळा मागांवर त्यांची नजर असायची. मी पुण्याला कॉलेजात इंटर सायन्सला होतो, आणि घराण्यात इतका शिकलेला मीच पहिला. अण्णांनी माझ्याशी करार केला होता आणि तो साधा होता. इंटरनंतर जीवशास्त्राच्या बी.एस्सी.च्या वर्गात जागा मिळाली तर पुढे शीक. नाही मिळाली तर आषाढापासून गिरणीत ये, साहेबाला सांगून ठेवतो. यात राग नव्हता. माझ्यासाठी दोन्ही दारे उघडी राहावीत एवढाच त्यांचा हेतू होता. मला मात्र एकच दार दिसत होते.

त्या वर्गात जागा थोड्या. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकच मोजके होते. आमचे खांबेटे सर गुणांपेक्षा वेगळ्याच गोष्टीवर माणूस पारखायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी वर्गात गुलबक्षीची फुले आणली. तांबड्या गुलबक्षीचा पराग पांढरीवर घातला तर पुढची सगळी रोपे गुलाबी फुलांची येतात. त्या गुलाबींचे बी पेरले की दर चारांत साधारण एक तांबडे, दोन गुलाबी, एक पांढरे. गुलाबी आणि पांढरी यांचा संकर केला तर निम्मी गुलाबी, निम्मी पांढरी. वाटाण्यांचे गणित थोडे निराळे. तिथे एक गुण दुसऱ्याला झाकून टाकतो, दबलेला गुण एक पिढी गप्प बसतो आणि नातवंडांत पुन्हा वर येतो. सर शिकवायचे इंग्रजीत, पण असे काही मनात ठसवायचे असले की मराठीत यायचे. म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. आता तुमच्या घरातला एखादा जिवंत प्राणी घ्या, त्याचा डोळ्याला दिसेल असा एकच गुण घ्या, आणि शिमग्यानंतर मला वही आणून द्या. ज्याची वही मला पटेल त्याला जागा."

घरी जाताना गाडीत मी यादी केली. कुत्रा एकच. शेळी नाही. गाय नाही. गुलबक्षी न्हाणीच्या मोरीशी होती, पण ती सरांनीच वापरून टाकली होती. उरल्या आत्याच्या कोंबड्या. आणि कोंबड्यांवरून मला देवीचा कोंबडा आठवला.

आमच्या वस्तीच्या टोकाला मरीआईचे छोटे देऊळ होते. त्याच्यामागे यल्लप्पा पोतराजांचे घर. मंगळवारी आणि शुक्रवारी ते डोक्यावर देवीचा गाडा, म्हणजे लहानसा लाकडी देव्हारा, घेतलेल्या बायकोबरोबर दारोदार यायचे, पायांत घुंगरू, हातात आसूड. आम्ही लहानपणी त्या आसुडाला भ्यायचो. ते अण्णांहून वयाने मोठे, तरी वस्तीतल्या सगळ्यांसारखा मीही त्यांना अरे-तुरे करत असे. इथे मात्र मी त्यांना अहो-जाहोच लिहिणार आहे. निदान कागदावर तरी ती चूक दुरुस्त होईल. तर, त्यांच्याकडचा एक कोंबडा अंगणोअंगणी फिरायचा. त्याची पिसे इतर कोंबड्यांसारखी अंगाला चापून बसलेली नव्हती, टोकांनी डोक्याकडे वळलेली होती. वाऱ्यात उलटी झालेली छत्री जशी दिसते तसा तो दिसायचा. आमच्याकडे अशाला उफराटी पिसे म्हणतात आणि असा पक्षी देवीचा मानतात. त्याला कोणी दगड मारत नसे, कोणी पकडत नसे.

"देवीचा कोंबडा कोंडायचा म्हंतोस?" आत्या कपाळाला हात लावून खालीच बसली. "पुण्याला ह्येच शिकिवत्यात व्हय रं?"

शेवटी तीच यल्लप्पांना विचारून आली. ते हसून म्हणाले होते, "हौसाक्का, कोंबडा कशाला कोंडायचा? कोंबड्या कोंडा. दाणं टाका. त्यो हून येतोय की."

तसेच झाले. आमचा स्वतःचा कोंबडा दसऱ्याला ताटात आला होता, त्यामुळे वाटेकरी कोणी नव्हता. पाचही कोंबड्या सरळ पिसांच्या. अंगणाची भिंत मी वरून काटेरी फांद्या लावून उंच केली. देवीचा कोंबडा दुसऱ्याच दिवशी दाराशी आला, आम्ही दार उघडले आणि ज्वारी बघून तो आत शिरला. पहिल्या तीन आठवड्यांची अंडी बसवायची नाहीत, त्यांत जुन्या कोंबड्याचा वाटा असू शकतो, असे मी पुस्तकात वाचले होते. ती अंडी आम्ही खाल्ली. माझ्या सुट्टीत शास्त्राने घराला दिलेला तेवढाच लाभ, असे अण्णा म्हणाले. वस्तीत मला नाव पडले, "कोंबड्यांचा ब्यारिष्टर".

मी पुण्याला परत जाणार होतो आणि नोंद आत्याने ठेवायची होती. आत्याला लिहिता येत नव्हते. म्हणून आम्ही चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची पद्धत ठरवली. एक अंडे बसवले की खालच्या ओळीत एक ठिपका. अंडे वाया गेले की त्या ठिपक्यावर फुली. पिल्लू घारीने, मांजराने नेले की ठिपक्याला गोल. पिल्लू जन्मते तेव्हा कापसाच्या बोळ्यासारखेच असते, सरळ की उफराटे ते कळत नाही. आठ-दहा दिवसांनी पंखांची पिसे फुटली की कळते. तेव्हा सरळ असेल तर वरच्या ओळीत उभी रेघ, उफराटे असेल तर वाकडी. मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. ती म्हणाली, "आरं लेका, सोळा पोरांची बाळंतपनं केल्यात म्या. कोंबडीचं जमंल."

चार खुडूक कोंबड्यांखाली तिने अंडी बसवली. मी पुण्यात वाटाण्यांची आणि गुलबक्षीची गणिते सोडवत हिवाळा काढला आणि शिमग्याला घरी आलो. पिशवी न ठेवताच चुलीमागे गेलो. वरच्या ओळीत वीस रेघा होत्या, सगळ्या उभ्या. वाकडी एकही नव्हती.

मला किती आनंद झाला ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यामुळेच घडले. बाप उफराटा, आया सरळ, आणि वीसच्या वीस पिल्ले सरळ. म्हणजे वाटाण्यासारखेच! सरळपणा पुढे येणारा, उफराटेपणा दबणारा. पुस्तकात शोभेल असे उत्तर. त्याच दुपारी मी पट्टी घेऊन ओळी आखल्या, चांगल्या अक्षरात निष्कर्ष लिहिला, खाली दुहेरी रेघ मारली. होळीच्या पुरणपोळीवर मी त्या दिवशी इतके तूप घेतले की आत्या म्हणाली, "ब्यारिष्टर पास झाला वाटतं."

धुळवडीला सकाळी सगळी वस्ती चिखलात लोळत होती आणि मी भिंतीपुढे बसून ठिपके वहीत उतरवत होतो. निष्कर्ष लिहून झाला होता. ठिपके नुसते परिशिष्टासाठी हवे होते. माझ्यासारख्या माणसाला परिशिष्ट सोडवत नाही. ठिपके पन्नास. फुल्या आठ. राहिली बेचाळीस पिल्ले. गोल पाच. राहिली सदतीस. रेघा वीस.

मी पुन्हा मोजले. मग अंगणात जाऊन पिल्ले मोजली. वीसच.

"आत्या, सतरा पिल्लं कमी आहेत."

"कमी कशी? समदी हायत की. वीस. भितीवर बी वीस, दारात बी वीस."

"अंडी पन्नास होती ना? त्यातली आठ वाया गेली, पाच घारीनं-मांजरानं नेली. मग उरलेली सतरा कुठं गेली?"

"उरल्याली कुटं? काय न्हाय उरलं."

अण्णा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "आक्का, कुणाला दिलीस का?"

"दिली न्हाय बा. आपली आसली तर दीन." आत्या भांडी घासता घासता थांबली आणि माझ्याकडे असे बघू लागली की मीच काहीतरी खुळ्यासारखे विचारतो आहे. "आरं, ती देवीची व्हती. उफराटी. ती आपल्यात कशी धरायची? मोटी झाल्यावर यल्लप्पाकडं पोचिवली."

"मग भिंतीवर वाकड्या रेघा का नाही काढल्यास?"

"देवीचं जित्राब आपल्या भितीवर मोजायचं? नगं बाबा. आपलं तेवडं मोजलं."

तिने फसवले नव्हते. तिने अगदी चोख नोंद ठेवली होती, आमच्या पिल्लांची. उफराटे पिल्लू उफराटे ठरले त्या दिवशीच ते आमचे राहत नव्हते, मग ते आमच्या भिंतीवर येणार कसे? चूक माझी होती. मी "पिल्लू" म्हणालो होतो आणि आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते विचारले नव्हते.

अण्णांनी वस्तरा पुसला. "आता काय करणार? वही तर लिहून झाली तुझी."

खरे सांगतो, एक क्षण मनात आले की जाऊ द्यावे. सरांना सोलापूरची भिंत दिसणार नव्हती. निष्कर्ष देखणा होता, अक्षर देखणे होते, आणि वही परवा द्यायची होती. पण मग परिशिष्टात पन्नास ठिपके लिहायचे की नाहीत? लिहिले तर सर वजाबाकी करणार. न लिहिले तर ती वही माझी कशी? मी चप्पल घातली.

"कुटं निगालास?"

"यल्लप्पाकडं. मोजायला."

"तितं आत जाऊ नगस," आत्या म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "जा. पर आल्यावर अंगूळ कर." त्या काळी ती असेच बोलणार आणि मी ते ऐकून घेणार, असेच होते. ते इथे लपवून ठेवले तर ही नोंदही आत्याच्या भिंतीसारखी अर्धीच होईल.

यल्लप्पा दारात बसून आसुडाला तेल लावत होते. पायांत घुंगरू नाही, अंगावर नुसता पंचा, आणि नाकावर दोरी बांधलेला चष्मा. भीती वाटावी असे त्यांच्यात काही नव्हते. मागच्या आवारात पाऊल टाकले आणि मी थांबलोच. सगळीकडे उलटी पिसे. एकाच जागी इतके उफराटे पक्षी मी कधी पाहिले नव्हते. आत्याने पाठवलेल्यांच्या पायांना तिने पिवळा दोरा बांधला होता. पंधरा सापडले. "दोन मुंगसानं न्हेली," यल्लप्पा म्हणाले. पंधरा आणि दोन, सतरा. घरी वीस, इथे सतरा. निम्मे-निम्मे. गुलाबी आणि पांढऱ्या गुलबक्षीचा हिशेब. माझा देखणा निष्कर्ष तिथेच त्या शेणाच्या सड्यावर मेला आणि मला जरासुद्धा वाईट वाटले नाही.

मग माझे लक्ष कोपऱ्यात गेले. डालग्याखाली दोन-तीन पिल्ले होती, त्यांच्या अंगावर पिसेच जवळजवळ नव्हती. थोडा लोकरीसारखा भुगा, बाकी उघडे कातडे.

"ही काय रोगानं झालीत?"

"न्हाय मालक. ही नागवी. जलमापासनं तशीच. देवीच्या घरात तीन परकारची निगत्यात." यल्लप्पांनी आवाज खाली आणला. "उफराट्याला उफराटी दिली तरी समदी उफराटी न्हाई हुईत. काय नागवी हुत्यात. काय तर पार सरळ. ती सरळ म्या वाटून टाकतो. देवीची न्हाईत ती, मानसांची."

"किती निघतात सरळ?"

त्यांनी आसूड बाजूला ठेवला. "लोक म्हंत्यात, यल्लप्पाच्या सेवेत खोट हाय. न्हाईतर देवीच्या जोडप्यापोटी सरळ कशाला निगंल? माज्या बाला बी म्हणायची. म्या उपास केले, आवसंला कौल लावला. तरी निगत्यातच की."

"पण किती?"

त्यांना प्रत्येक कोंबडीचे प्रत्येक बसणे पाठ होते. मी वही उघडली, ते सांगत गेले. एका खेपेला पंधरा पिल्ले: चार सरळ, आठ उफराटी, तीन नागवी. पुढच्या खेपेला अकरा: दोन, पाच, चार. त्यानंतर बारा: चार, सहा, दोन. मी बेरीज केली. सरळ दहा, उफराटी एकोणीस, नागवी नऊ. पेन्सिल माझ्या हातात थांबली. एक, दोन, एक. सरांच्या टेबलावरची गुलबक्षी पोतराजाच्या आवारात फिरत होती.

मी त्यांना जमिनीवर खडे मांडून समजावले. प्रत्येक पिल्लाला एक खडा बापाकडून, एक आईकडून. काळा खडा उफराटेपणाचा, पांढरा सरळपणाचा. दोन पांढरे आले की सरळ, दोन काळे की नागवे, एकेक आला की देवीचे. देवीच्या प्रत्येक पक्ष्यात एक पांढरा खडा असणारच, नाहीतर तो नागवा असता. मग त्यांच्या पोटी अधूनमधून सरळ निघणारच. यल्लप्पांनी खडे आपल्या हातात घेतले, न बघता दोन-दोन उचलून मांडले, पुन्हा मांडले. बराच वेळ ते खेळत राहिले. त्यांच्या बायकोने आतून विचारले, "काय चाललंय?" ते म्हणाले, "खोट न्हाई म्हंत्यात. ह्यो नेमच हाय म्हंत्यात." मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा, प्रश्नासारखे, "नेमच की?"

"नेमच."

त्यांनी चष्मा काढला आणि पंच्याने पुसला. काचांना काही झाले नव्हते. मग मला तांब्यात पाणी दिले आणि मी ते प्यालो.

त्या आवाराबद्दल मला पुढे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, उत्क्रांती शिकताना पुन्हा विचार करावा लागला. एकाच वस्तीतल्या कोंबड्या. घराघरांतून उफराटी काढून देवीकडे, देवीकडून सरळ काढून घराघरांत. कोणी ठरवले नव्हते, पण दोन आवारांत दोन निराळ्या दिसणाऱ्या कोंबड्या तयार झाल्या होत्या. जात म्हणजे काय, असा प्रश्न सरांनी वर्गात टाकला तेव्हा बाकीचे पुस्तकातली व्याख्या सांगत होते. मला मधली ती मातीची वाट दिसत होती, आणि "आत जाऊ नगस" म्हणणारी आत्या.

वही मी रात्र न करता संध्याकाळपर्यंत पुरी केली. पहिला निष्कर्ष फाडला नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारली. सरांनी ते पान सगळ्यात जास्त वेळ पाहिले. मग विचारले, "ही सतरा पिल्लं इतके दिवस कुठं होती?"

"देवीकडे, सर."

ते इतके हसले की शेजारच्या खोलीतून प्रयोगशाळेचा गडी डोकावला. उफराट्या पिसांवर परदेशातही अलीकडेच काम झाले आहे, असे म्हणून त्यांनी एका नियतकालिकातले टिपण मला वाचायला दिले. त्यातही तेच प्रमाण होते. मला थोडे वाईट वाटले आणि खूप बरे वाटले. मोजणाऱ्यांची नावे लिहायला त्यांनी वहीत जागा करायला सांगितली. मी लिहिले: हौसाबाई, यल्लप्पा, आणि शेवटी मी. जागा मिळाली. अण्णांनी गिरणीच्या साहेबाला कळवले की मुलगा आषाढात येणार नाही. आत्याने चुलीमागची भिंत सारवली, पण त्या रेघांच्या वरून, त्या दिसतील इतकी पातळ.

राहिले एक काम. त्या धुळवडीला मी निघालो तेव्हा यल्लप्पा वाटेपर्यंत आले होते. म्हणाले, "किती निगत्यात त्ये सांगितलंत. लई बेस झालं. आता पिसं उलटी का फिरत्यात त्ये बी इचारून या तुमच्या मास्तरास्नी. मी हितंच हाय." मी वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या कामांची यादी केली, त्यात अकरावे काम ते लिहिले. सरांना विचारले, त्यांना ठाऊक नव्हते. पुढे मी स्वतः शेतकी खात्यात कोंबड्यांवरच नोकरी केली, पुष्कळ वाचले. यल्लप्पा गेले. त्यांची मुलगी गौरा त्याच आवारात राहते, तिच्याकडे अजून उफराटी आहेत. गेल्या वर्षी तिला मी सांगितले की पिसाचा दांडाच वाढताना वाकडा होतो. ती म्हणाली, "त्ये तर मला बी दिसतंय की, काका. वाकडा का हुतो?"

यादीतल्या बाकी दहा कामांपुढे बरोबरच्या खुणा आहेत. अकराव्यापुढची जागा मोकळी आहे.